वार, माधुकरी आणि वसतिगृह

परगांवाहून विद्येसाठीं आलेल्या गरीब विद्यार्थ्यास वार लावून देणें हें आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पुण्यकर्म मानलें गेलें. कोणी सोमवार दिला, कोणी गुरुवार. उरलेल्या दिवशीं माधुकरी. या एका रूढीच्या आधारें कितीएक निर्धन ब्राह्मण मुलें शिकून नांवारूपास आलीं. परंतु खेड्यांतून आलेल्या कुणब्याच्या, धनगराच्या अथवा अस्पृश्य मानलेल्या जातीच्या मुलानें कोणाच्या पंक्तीस बसावें, हा प्रश्न त्या पुण्याच्या हिशेबांत आलाच नाहीं.

कोल्हापुरांत तो राजर्षि शाहू छत्रपतींनीं ओळखला. शाळा उघडली, फी माफ केली, तरी पाठ टेकण्यास जागा आणि दोन वेळचें अन्न नसेल तर मुलगा गांवीं परततो. म्हणून १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. पुढें जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सारस्वत इत्यादि समाजांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. कोल्हापुरास ‘वसतिगृहांची जननी’ म्हणूं लागले, तें यामुळेंच.

या दानाची रीतहि पाहण्यासारखी आहे. महाराजांनीं जागा, इमारती, पैसा यांची मदत दिली. कारभार मात्र त्या त्या समाजाच्या मंडळींकडे सोंपविला. त्यामुळें दान घेणारा याचक न राहतां संस्थेचा चालक झाला, आणि १९२२ सालीं दाता गेल्यावरहि दान मागें राहिलें.

जातवार वसतिगृहांनीं जातीच बळकट होणार नाहींत काय, हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. त्याचें उत्तर याच कोल्हापुरांत शिकलेल्या एका विद्यार्थ्यानें दिलें. जैन बोर्डिंगमध्यें राहिलेल्या भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका छपराखालीं, एका पंक्तीस बसविणारें वसतिगृह काढलें. त्यास नांव दिलें तें शाहू छत्रपतींचें. पहिली पायरी असल्यावांचून ही दुसरी चढतां आली असती, असें वाटत नाहीं.

आजहि श्राद्धपक्षास, वाढदिवसास वा वास्तुशांतीस आपण यथाशक्ति कांहीं देतों. देतांना एवढेंच पाहावें, कीं आपला ‘वार’ कोणापर्यंत कधींच पोंचला नाहीं. तेथें दिलेला एक रुपया ओळखीच्या दारीं दिलेल्या दहांहून अधिक काम करील.