तुरट रसाचे रसिक

देवगड किंवा मालवण तालुक्यात एप्रिलच्या अखेरीस एखाद्या घराच्या पडवीत चार माणसे जमली आणि आढीतला आंबा कापला गेला, की जी चर्चा सुरू होते ती ऐकण्यासारखी असते. कातळावरच्या कलमाचा हापूस आणि मळ्याच्या मातीतला हापूस यांच्या चवीत अंतर का पडते, खारा वारा फळाला मानवतो की नाही, झाड जुने झाले की गोडी वाढते की उतरते, यावर तास-तास वाद रंगतो. त्या वादात कोणी कोणाला आढ्यताखोर म्हणत नाही. मात्र हीच चिकित्सा कोणी रेड वाइनच्या बाबतीत करू लागला, तर ती साहेबी थेरे ठरतात. वस्तुतः दोन्ही ठिकाणी चाललेले काम एकच आहे. जिभेला आलेला अनुभव शब्दांत पकडायचा आणि तो दुसऱ्याच्या अनुभवाशी ताडून पाहायचा.

जमीन, ऊन, उतार आणि वारा यांचा फळात उतरणारा जो एकत्रित गुण, त्याला फ्रेंच भाषेत ‘तेर्वार’ असा शब्द आहे. फ्रान्सने 1935 साली कायदा करून कोणत्या गावच्या वाइनला कोणते नाव लावता येईल हे ठरवून दिले. कोकणच्या हापूसला 2018 साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागील विचार याच जातीचा आहे. त्याआधी 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही असे मानांकन मिळाले होते, याची मात्र आपल्याकडे फारशी वार्ता नाही.

महाराष्ट्रातील वाइनचा इतिहास फार जुना नाही. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन काढली, ती परदेशात गेली. पुढे तो उद्योग बुडाला. राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, आणि काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ ही नावे मराठी बागायतदाराच्या तोंडी आली. द्राक्षे पिकली, वाइन झाली. तिच्याविषयी मराठीत बोलणारा रसिक मात्र घडायचा राहिला. आपल्या भाषेत या साऱ्या पदार्थांना ‘दारू’ हा एकच शब्द, आणि त्यापुढचे सगळे शब्द निंदेचे किंवा चेष्टेचे.

रेड वाइनचे मर्म तिच्या तुरटपणात आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीनच असतो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून घेतात व मग आंबवतात. रेड वाइनसाठी तो सालींसकट आणि बियांसकट आंबवतात. त्यातून रंग उतरतो आणि टॅनिन नावाचे तुरट द्रव्यही उतरते. हे द्रव्य लाळेतील प्रथिनांना धरते, म्हणून घोट घेतल्यावर तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. काबर्नेची फळे लहान व जाड सालीची, म्हणून ती अधिक तुरट. नवख्या माणसाचे तोंड येथेच वाकडे होते. परंतु ज्याने लहानपणी काजूचा बोंडू दाताने फोडून खाल्ला आहे, जांभळांनी जीभ निळी करून घेतली आहे, त्याला या तुरटपणाची नवलाई कसली? आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला. बोंडवाचा घसा धरणारा तुरटपणा, जांभळाचा गोडीमागून येणारा तुरटपणा आणि सुपारीचा कोरडा तुरटपणा हे तीन निरनिराळे आहेत, हे मालवणी माणसाला शिकवावे लागत नाही. वाइनची परीक्षा करणारा युरोपीय माणूस हेच भेद सांगण्यासाठी कधी रेशमाच्या तर कधी खडबडीत कापडाच्या उपमा शोधत बसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक ॲन नोबल यांनी 1984 च्या सुमारास वाइनच्या गंधांचे एक चक्र तयार केले. ‘उमदी’, ‘भारदस्त’ असले मोघम शब्द सोडून फळ, मसाला, लाकूड, माती अशा ओळखीच्या वस्तूंची नावे घ्यावीत, म्हणजे दोघांना एकाच गोष्टीबद्दल बोलता येईल, असा त्यांचा आग्रह होता. तो अगदी योग्य होता. पण त्या चक्रावरील ब्लॅककरंट किंवा रास्पबेरी ज्याने कधी पाहिली नाही, अशा सावंतवाडीच्या प्राध्यापकाने बाटलीमागचा मजकूर वाचून ‘यात ब्लॅककरंट आहे’ असे म्हणावे, यात रसिकता कसली? तो घोकंपट्टीचा प्रकार झाला. त्याने करवंद म्हणावे, आमसूल म्हणावे, पहिल्या पावसाची माती म्हणावे. शिराझमध्ये काळ्या मिरीचा गंध येतो, ही तर कविकल्पनाही नव्हे. त्या गंधाचे मूळ असलेले रोटंडोन हे द्रव्य ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 साली शोधून काढले, आणि तेच द्रव्य मिरीतही आहे. ज्याच्या परसात माडावर मिरीचा वेल चढला आहे, त्याने हा गंध लंडनच्या जाणकाराच्या आधी ओळखावा. काही उत्तम वाइन वर्षानुवर्षे ठेवल्यावर त्यांचा तुरटपणा मवाळ होतो. त्यासाठी तर लोणच्याने आपल्याला ‘मुरणे’ हा नेमका शब्द देऊन ठेवला आहे.

या जाणकारीत ढोंग पुष्कळ आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली गेली. त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. नाक डोळ्याच्या मागे गेले! त्याआधी 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून वाइन ठेवल्या, तेव्हा रेड वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची. बोर्दोची नामांकित घराणी मागे पडली. या दोन उदाहरणांवरून चव हे थोतांड आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एकट्याच्या जिभेवर आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नये, इतकेच त्यांतून दिसते. म्हणून तर मंडळी हवीत. बाटलीला कागद गुंडाळावा, प्रत्येकाने आपले मत आधी लिहावे आणि मग बोलावे, म्हणजे मोठ्या आवाजाच्या माणसामागे इतरांची मते वाहून जात नाहीत.

मंडळी असण्याचा दुसरा लाभ व्यवहाराचा आहे. चांगली रेड वाइन कारकुनाला किंवा शिक्षकाला एकट्याने परवडण्यासारखी नसते. परंतु 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत 125 मिलिलिटरचे सहा पेले होतात. आठ जणांनी वर्गणी काढली, तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर मिलिलिटरही येत नाही. भिशी चालवणाऱ्या समाजाला हा हिशेब अवघड नाही. एवढ्या घोटात संध्याकाळ काढायची, तर पिण्यापेक्षा बोलणेच अधिक व्हावे लागते.

कोकणातील अनेकांची रेड वाइनशी पहिली ओळख होते ती गोव्याच्या ‘पोर्ट वाइन’मुळे. पोर्तुगालमधील अस्सल पोर्टमध्ये आंबण्याची क्रिया चालू असतानाच ब्रँडी घालून ती थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. गोव्यात त्या नावाने स्वस्तात मिळणारी गोड वाइन ही तिची फार लांबची नातेवाईक. ती पिऊन ‘वाइन म्हणजे काकवी’ असा समज होतो, आणि परवान्यावाचून बाटली आणली तर इन्सुलीच्या नाक्यावर तो समज फारच महाग पडतो. दुसरी अडचण माशांची. जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवून दिले की, रेड वाइनमधील लोहामुळे माशांबरोबर तोंडात उग्र, हिवस चव येते. तेव्हा बांगड्याच्या तिखल्याबरोबर सोलकढीच खरी. रेड वाइनला मालवणी जेवणात जोडीदार हवाच असेल, तर तो कोंबडी-वड्यांत शोधावा, तोही तिखट बेताचे घालून. कारण मद्यार्काने तिखटाचा जाळ वाढतो.

याविरुद्धचा सर्वांत गंभीर मुद्दा अर्थात वेगळाच आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्या स्त्रियांनी सावरली, मतदान करून बाटली ‘आडवी’ केली, त्यांच्यापुढे करवंदाच्या गंधाची गोष्ट काढणे संकोचाचे वाटते, आणि तो संकोच असलाच पाहिजे. वाइनमध्येही सामान्यतः बारा ते पंधरा टक्के मद्यार्क असतो. 1991 साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमानंतर रेड वाइन हृदयाला हितकर असल्याची हवा जगभर पसरली. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले. ज्याला आरोग्य हवे त्याने आगळ पाण्यात घालून प्यावे. वाइनला औषध म्हणून विकणारा आणि तिला हातभट्टीच्या पंगतीत बसवणारा, दोघेही तिच्या चवीविषयी काहीच बोलत नाहीत. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हाच्या वादातही हेच दिसले. एका बाजूला द्राक्ष बागायतदाराचे हित, दुसऱ्या बाजूला समाजाचे अहित. विरोध वाढला आणि निर्णय मागे पडला. मोजके पिऊन विचारपूर्वक बोलणारा माणूस असू शकतो, ही शक्यता दोन्ही बाजूंच्या भाषणांत फारशी डोकावली नाही. वास्तविक ज्या घरात पेला उघड्यावर, बायकामाणसांच्या देखत आणि मोजून भरला जातो, तेथे गुत्त्याच्या अंधाराला शिरकाव करणे अवघड जाते.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ घ्यावी, असे इंग्रजी पुस्तकांत छापलेले असते. ती खोली थंड हवेच्या युरोपातील, सोळा ते अठरा अंशांची. मालवणात मे महिन्यात खोलीचा पारा तिशीपार असतो. तेथे पुस्तकाप्रमाणे वागल्यास पेल्यातून मद्यार्काची वाफ तेवढी नाकात जाईल. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि मग उघडावी.