पावसाळा, लॅटेक्सची गादी आणि लोकरीचे आच्छादन

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. येत्या चार महिन्यांत आपल्या गगनबावड्यात काय पाऊस कोसळतो हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. वर्षाला पाच हजार मिलिमीटरचा आकडा आपल्याकडे कितीतरी वेळा ओलांडला जातो. कोल्हापूर शहरात त्याचा जेमतेम पाव हिस्सा पडतो. करूळ आणि भुईबावडा घाटांतून धुके वर चढू लागले की मिठाला पाणी सुटते, आगपेटी ओढून पेटत नाही, आणि वलणीवरचे धोतर तीन दिवस ओलेच राहते. या दमटपणातून आपले अंथरूण तरी कसे सुटणार? आयुष्याचा तिसरा हिस्सा माणूस अंथरुणावर काढतो. पण दवाखान्यात येऊन अंथरुणाविषयी विचारणारा पेशंट विरळाच.

गेल्या दोन-चार वर्षांत मात्र हा प्रश्न येऊ लागला आहे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले आई-वडिलांसाठी लॅटेक्सची गादी पाठवतात. भेट चांगलीच, पण गादी आली की वर काय घालायचे यावर घरात वाद सुरू होतो. परवा एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांना स्वतःला दमा, तर पत्नी अर्धांगवायूने दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गादी तर आली. दुकानदार म्हणतोय लोकरीचं कव्हर घ्या. सूनबाई म्हणते मेणकापड टाका. मला वाटतंय, आपलं घोंगडंच बरं. तुम्ही सांगाल तसं करू."

म्हटले, "गुरुजी, तुम्हा दोघांना एकच उत्तर देता येणार नाही." ते का, हे सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न आणखी बऱ्याच घरांत असणार.

आधी ही गादी कशाची आहे ते पाहू. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात तर सावंतवाडी-दोडामार्ग भागात या झाडांच्या बागा दिसतील. हा चीक घुसळून, त्याचा फेस करून, तो साच्यात भाजण्याची युक्ती १९२९ साली इंग्लंडात डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाली. म्हणूनच आपल्याकडे कुठल्याही स्पंजच्या गादीला लोक सरसकट 'डनलॉपची गादी' म्हणू लागले. बाजारात त्या नावाने मिळते ती बहुतेक वेळा रसायनांपासून केलेल्या फोमची असते. खरी लॅटेक्सची गादी त्याहून पुष्कळ जड असते, दाबल्यावर लगेच उसळून वर येते आणि बरीच वर्षे टिकते.

पण तिचा एक स्वभाव लक्षात ठेवला पाहिजे. कापसाची गादी दमट झाली की आपण ती अंगणात उन्हात टाकतो, काठीने झोडपतो आणि संध्याकाळी आत आणतो. लॅटेक्सच्या गादीला हे चालत नाही. उन्हाने रबर कडक होते, पिवळे पडते आणि पुढे त्याचा भुगा होऊ लागतो. ती धुताही येत नाही. एकदा आतपर्यंत भिजली की पावसाळ्यात वाळत नाही. माणसाच्या अंगातून घाम आणि वाफ मिळून रात्रीत पेलाभर पाणी तरी बाहेर पडते. रोजचे हे पाणी गादीत मुरू न देता वरच्यावर झेलायचे आणि ज्याने ते झेलले तेवढेच काढून वाळवायचे, यासाठी आच्छादन हवे. तेव्हा दुकानदार केवळ विक्रीसाठी बोलतो असे नाही. आच्छादन लागतेच. प्रश्न एवढाच, की कशाचे?

सूनबाईंचे मेणकापड आधी निकालात काढतो. साधे मेणकापड किंवा प्लॅस्टिक पाणी अडवते, पण वाफही अडवते. त्यावर झोपणाऱ्याची पाठ रात्रभर ओली राहते. घामोळे, नायटा, मांडीच्या सांध्यातली खाज हे सगळे पावसाळ्यात आधीच फोफावलेले असते, त्याला हे खतपाणी. धडधाकट माणसाने याच्या वाटेला जाऊ नये.

आता लोकर. लोकरीच्या केसाची करामत अशी, की तो बाहेरून पाणी झटकतो आणि आतून वाफ ओढून घेतो. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय वाफ ओढताना ती थोडी ऊब सोडते. भर पावसात घोंगड्याची खोळ घेऊन म्हशींमागे फिरणाऱ्या आपल्या डोंगरातल्या गवळी धनगरांना हे कुणी शिकवावे लागले नाही. लोकर चटकन पेटही घेत नाही. ठिणगी पडली तर करपते आणि बहुधा विझते. लॅटेक्स मात्र एकदा पेटले की काळा धूर सोडत जळते. अंथरुणात बिडी ओढणारे आजोबा घरात असतील तर हा मुद्दा किरकोळ नाही. (बिडी सोडवणे हा खरा उपाय, पण तो या लेखाचा विषय नव्हे.)

हे सगळे खरे असले तरी एक गोम आहे. दुकानात मिळणारी माहितीपत्रके कोरड्या हवेच्या देशांतल्या अनुभवावर लिहिलेली असतात. तिथे रात्री ओढलेला ओलावा लोकर दिवसा हवेला परत देते. आपल्याकडे जुलैत हवाच पाण्याने तुडुंब; लोकरीने ओलावा द्यायचा कुणाला? म्हणून गगनबावड्यात एक जाड आच्छादन घेण्यापेक्षा दोन पातळ घ्यावीत. एक गादीवर, दुसरे चुलीच्या उबेच्या खोलीत किंवा पंख्याखाली पसरलेले, अशी आठवड्याला अदलाबदल करावी. उघडीप मिळाली की दोन्हींना ऊन दाखवावे. फार जाड, ताठ आच्छादन घातले तर अंगाप्रमाणे वळण्याचा गादीचा गुणही वाया जातो, आणि त्यासाठीच तर मुलांनी एवढे पैसे मोजलेले असतात.

घोंगड्याचे काय? मला स्वतःला घोंगड्याविषयी ममत्व आहे. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, इतकी ही वस्तू आपल्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेली आहे. मेंढी आपल्या बावड्याच्या पावसात तग धरत नाही, ती पूर्वेकडच्या माळावरची. पण तिची लोकर खरी उपयोगी पडते ती इथे. मात्र दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. तिची टोके कातडीला टोचतात, आणि लोक ज्याला 'लोकरीची ॲलर्जी' म्हणतात ती बहुतेक वेळा हीच टोचणी असते. इसब असलेल्या मुलांची खाज तिने हमखास वाढते. म्हणून घोंगडे अंथरायचेच तर त्यावर जाड सुती चादर हवी. दुसरे असे की सनगर मंडळी घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात. या खळीला दमटपणात बुरा येतो, वास सुटतो. नवे घोंगडे गादीवर घालण्यापूर्वी उन्हाळ्यातच एकदा थंड पाण्यातून काढून खळ कमी करावी आणि सपाट पसरून वाळवावे. विणण्याऐवजी लोकर थापून केलेले जेन जुन्या घरांत असते, तेही अंथरायला चालते. पण ते जड, आणि भिजले तर आठवडा घेते.

घोंगड्यावर झोपल्याने संधिवात जातो, रक्तदाब उतरतो, मणक्याची गादी जागेवर येते असे छापील कागद यात्रेत वाटले जातात. उबेने आखडलेले सांधे सकाळी जरा सैल होतात, एवढेच त्यात तथ्य. रक्तदाबाच्या गोळ्या घोंगड्याच्या भरवशावर बंद करून कुणी माझ्याकडे येऊ नये.

आता गुरुजींच्या दम्याकडे वळतो. अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे एक सूक्ष्म कीटक राहतात, त्यांना इंग्रजीत 'डस्ट माइट' म्हणतात. आकार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. ते चावत नाहीत, आपल्या कातडीचा गळलेला कोंडा खातात. पण त्यांच्या विष्ठेचे कण श्वासातून गेले की अनेकांना शिंका, सर्दी आणि दमा सुरू होतो. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हे कीटक आहेत हे हॉलंडमधल्या डॉक्टरांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. हा प्राणी पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. आपल्याकडे पावसाळ्यात ती तितकी खाली येतच नाही. तेव्हा 'लोकरीत आणि लॅटेक्समध्ये माइट होत नाहीत' ही जाहिरात गगनबावड्यात खरी ठरणार नाही. लॅटेक्सच्या पोटात ते फारसे शिरत नाहीत हे मान्य, पण वरच्या आच्छादनात त्यांना कोण अडवणार?

त्यांना मारायचे तर कापड ६० अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या कडक पाण्यात धुवावे लागते. त्या पाण्यात लोकर आटून पोरांच्या सदऱ्याएवढी होईल. म्हणून धुळीची ॲलर्जी असलेल्या दमेकऱ्याला मी लोकर सुचवत नाही. त्याने गादीला चहूबाजूंनी बंद होणारी, घट्ट विणीची चेनवाली सुती खोळ घालावी आणि वरची चादर व अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत. पण एवढ्याने दमा बरा होईल अशी आशा धरू नये. २००३ साली ब्रिटनमध्ये हजारावर प्रौढ दमेकऱ्यांना अशा खोळी देऊन पाहिल्या, तेव्हा नुसत्या खोळीने काही फरक पडला नाही. २०१७ साली तिथेच माइटची ॲलर्जी असलेल्या मुलांवर प्रयोग झाला, त्यात मात्र दम्याच्या झटक्याने इस्पितळात धाव घेण्याची वेळ कमी मुलांवर आली. तात्पर्य काय, तर घरात दमेकरी मूल असेल तर खोळ अवश्य घ्या. मोठ्यांनीही घ्यावी, पण पंप सोडू नये. गुरुजींना हे ऐकून जरा वाईट वाटले. घोंगडे त्यांच्या आईचे होते. ते पायांवर पांघरायलाही नको का, असे त्यांनी विचारले. थंडीत, कोरड्या दिवसांत, ऊन दाखवून आणि बाहेर झटकून घेतलेले असेल तर घ्या म्हणालो.

त्यांच्या पत्नीचा प्रश्न निराळा. जिथे लघवीवर ताबा नाही तिथे लोकर उपयोगाची नाही. थोडा घाम ती झेलते, लोटाभर लघवी नाही. अशांसाठी वरून टॉवेलसारखे सुती कापड आणि खालून वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पापुद्रा असलेली आच्छादने मिळतात. ती दोन-तीन घ्यावीत, ओली होताच बदलावीत. लॅटेक्सवर अंगाचा भार पसरतो, त्यामुळे पाठीला जखमा होण्याचा धोका थोडा कमी होतो, पण दर दोन तासांनी कूस बदलायचे काम गादी करत नाही. ते घरच्यांनाच करावे लागते, रात्रीसुद्धा. लोकरीसकट कमावलेले मेंढीचे कातडे अशा रुग्णांच्या अंगाखाली घालून ऑस्ट्रेलियात चांगला गुण आला आहे. ते घोंगड्याहून वेगळे आणि फार मऊ असते. आपले खरखरीत घोंगडे नाजूक झालेल्या कातडीला उलट सोलून काढेल.

लोकरीचे आच्छादन शोभेल ते निरोगी माणसाला, थंडी बाधणाऱ्या वृद्धाला, आणि पाळी जाण्याच्या वयात रात्री एकाएकी घामाने भिजून पुन्हा कुडकुडणाऱ्या बायकांना. या बायका सहसा कुणाला काही सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

विकत घेताना कडेचे चार तंतू उपटून मागा आणि काडीने जाळून पाहा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि बोटाने चुरडता येणारी राख होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी बनतो. दोन सुती कापडांत लोकर भरून शिवलेले आणि चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेले आच्छादन सोयीचे. धुताना रिठ्याचे किंवा लोकरीसाठीच्या सौम्य साबणाचे थंड पाणी वापरा. नेहमीची पावडर लोकर खाते. पिळू नये, टांगू नये. आणि गादीखाली सलग प्लायवूड असेल तर कितीही चांगले आच्छादन घाला, बुरशी खालून येईल. फळ्या दोन-दोन बोटे अंतर ठेवून ठोकून घ्या, आठवड्याला गादी भिंतीला टेकवून उभी करा. केळी-पपई खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटणाऱ्या किंवा रबरी हातमोज्यांनी गांधी उठणाऱ्या माणसाने लॅटेक्स घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शेवटचा मुद्दा डांबर गोळ्यांचा. लोकरीला कसर लागू नये म्हणून ट्रंकेत या गोळ्या टाकायची आपली जुनी रीत. त्यांच्या वाफेने काही नवजात बालकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या बाळांत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असते त्यांना हा धोका असतो, आणि ते तपासल्याशिवाय आधी कळत नाही. बाळ एकाएकी पिवळे, फिकट पडते, लघवी चहासारखी काळपट होते. असे दिसले तर उजाडण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. बाळंतिणीच्या बंद खोलीत ट्रंकेतले घोंगडे थेट काढून आणणे म्हणूनच धोक्याचे. ज्या घरात बाळ येणार आहे तिथे या गोळ्या आणूच नयेत. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा थोडाफार उपयोग होतो. कसरीवर खरा उपाय म्हणजे ऊन, झटकणे आणि तोंड घट्ट बांधलेली पिशवी. तान्ह्या बाळाला लॅटेक्सच्या मऊ थरावर किंवा लोकरीवर झोपवू नये. कठीण सपाट अंथरूण, वर सुती कापड, आणि बाळ उताणे.

पुढील आठवड्यात : पावसाळ्यातल्या चिखल्या.