वृद्धांची शुश्रूषा : ताट, तांब्या आणि पाठ

घरातील वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे सगळ्यांचे लक्ष औषधांच्या बाटल्यांकडे लागते. गोळी वेळेवर दिली की आपले कर्तव्य झाले, असे आपण समजतो. पुढे पंधरा दिवसांनी पाठीला जखम दिसते आणि सारे घर हादरून जाते. ‘असे अचानक कसे झाले?’ हा प्रश्न मग डॉक्टरांना विचारला जातो. वस्तुतः त्यात अचानक असे फार थोडे असते. पाठीवर दिसण्यापूर्वी त्या जखमेची चाहूल अर्ध्या टाकलेल्या ताटात आणि भरलेल्या तशाच राहिलेल्या तांब्यात लागलेली असते. ती ओळखणारी नजर परिचारिकेला शिक्षणाने येते. तीच नजर घरी आपणांस किती आत्मसात करता येईल, एवढाच विषय आम्ही येथे घेतला आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ६० वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक होती. हा प्रश्न चार घरांचा नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

या नजरेचा इतिहास थोडक्यात सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. शय्याव्रणाचा, म्हणजे ज्याला आज घरोघर ‘बेडसोअर’ म्हणतात त्याचा, दोष त्यांनी बहुधा रोगाकडे न देता शुश्रूषेकडे दिला. आजचे वैद्यक इतके कठोर नाही. काही जखमा उत्तम शुश्रूषेतही टळत नाहीत. तथापि पुष्कळशा टाळता येतात, ही गोष्ट आजही मान्य आहे. मात्र कोणाला धोका अधिक, हे मोजण्याचे साधन पुढे शंभर वर्षांनी मिळाले. १९६२ मध्ये इंग्लंडात डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह रुग्णालयातील वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच गोष्टी पाहिल्या होत्या : शरीराची सर्वसाधारण स्थिती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण. २० पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण पडले, की त्या माणसाच्या पाठीला धोका आहे असे समजावयाचे. या गुणपत्रिकेत अन्नाला स्वतंत्र रकाना नव्हता. तो अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रिकेत आला. ताट आणि पाठ एका कागदावर आली ती अशी.

त्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. माणूस पडून राहिला म्हणजे हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस व कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलतो, म्हणून त्याला काही होत नाही. वृद्धाची हालचाल मंदावलेली असते. त्यात खाणे कमी झाल्याने हाडावरची मांसाची गादीच झडून गेलेली असते. झीज भरून काढावयास प्रथिने हवीत, ती पोटात जात नाहीत. शरीरातले पाणी आटले, की रक्ताभिसरणही क्षीण होते. एकदा जखम झाली म्हणजे तिच्यातून प्रथिने पाझरून जातात, वेदनेने भूक मरते आणि हे चक्र गतीने फिरू लागते.

तेव्हा पहिले पाहणे ताटाचे. ‘जेवले का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर पुरेसे नाही. किती जेवले हे पाहावे. चहात बुडवलेली दोन बिस्किटे हे रात्रीचे जेवण होऊ शकत नाही. उपासाचा साबुदाणा पोट भरतो, पण त्यात प्रथिने नाममात्र असतात. रुग्णालयात दर आठवड्याला वजन करतात. ५० किलोच्या माणसाचे तीन ते सहा महिन्यांत, काही न ठरवता, ५ किलो वजन उतरले, तर ती गंभीर खूण होय. घरी वजनकाटा नसला तरी खुणा असतात : बांगडी कोपराकडे सरकते, अंगठी गळते, कवळी सैल होऊन खडखडते. पायांवर सूज असल्यास मात्र काटाही फसवतो, कारण तेथे पाण्याचे वजन भरते. मग कारण शोधावे. ‘तोंडाला चव नाही’ या एका वाक्यामागे हललेला दात, तोंडातला फोड, नवे औषध, बद्धकोष्ठ किंवा मनाची उदासी यांपैकी काहीही असू शकते. मऊ भातावर दाट वरण व तूप, दही, अंडे, दुधातली नाचणी असे थोडे थोडे, पण अनेकदा द्यावे. गिळताना ठसका लागत असेल, तर आग्रह करू नये. नीट बसवून भरवावे आणि डॉक्टरांना सांगावे.

दुसरे पाहणे तांब्याचे. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते आणि मूत्रपिंडाची पाणी राखण्याची शक्तीही कमी होते. म्हणून ‘तहान लागली की मागतील’ हा भरवसा खोटा आहे. शिवाय रात्री उठावे लागेल, कोणाला तरी हाक मारावी लागेल, या संकोचाने कित्येक वृद्ध संध्याकाळनंतर पाणीच टाळतात. हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून पाहण्याची रीत वृद्धांच्या बाबतीत फसवी ठरते, कारण ती कातडी वयानेच सैल झालेली असते. कोणतीही एकच खूण निर्णायक नसते. कोरडी जीभ, कमी झालेली लघवी, उठताना येणारी भोवळ आणि विशेषतः एकाएकी झालेला बुद्धीचा गोंधळ या खुणा एकत्र दिसल्या, की सावध व्हावे. युरोपातील पोषणतज्ज्ञ वृद्ध स्त्रीस रोज निदान १.६ लिटर व पुरुषास २ लिटर पेये द्यावीत असे सांगतात. उन्हाळ्यात गरज वाढते. चहा, ताक, पेज, सार हे सारे त्यात धरावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

तिसरे पाहणे पाठीचे, आणि त्याची उत्तम वेळ अंग पुसतानाची. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्यांची पाती व डोक्याची मागची बाजू या जागा रोज पाहाव्यात. लाल डाग दिसल्यास बोटाने दाबावा. तो पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त खेळते आहे. दाबूनही लालच राहिला, तर इजा सुरू झाली आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ही लाली सहजी दिसत नाही. म्हणून हाताने पाहावे : शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम वा थंड, कठीण वा भुसभुशीत लागते काय, अधिक काळवंडली आहे काय, दुखते काय. अशा जागी स्पिरिट लावून चोळणे किंवा रबरी कडे ठेवणे पूर्वी रूढ होते. आज दोन्ही वर्ज्य मानतात, कारण त्यांनी इजा वाढते. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्यावी, ओले कपडे त्वरित बदलावेत आणि माणसाला ओढत वर न सरकवता दोघांनी चादरीसह उचलावे.

या तिन्ही गोष्टी एका साध्या वहीत लिहिण्याचा आमचा आग्रह आहे. तारीख, ताटात किती उरले, किती भांडी पाणी गेले, लघवी किती वेळा झाली, पाठ कशी आहे, एवढे पाच रकाने पुरेत. दिवसा सून, रात्री मुलगा, रविवारी लेक अशी पाळी बदलते तेव्हा प्रत्येकाला आपल्यापुरते सारे ठीकच दिसते. तीन दिवसांची उतरण वहीतच कळते. न फिटणारा लाल डाग, फुटलेली कातडी, दोन दिवस जवळजवळ बंद झालेले खाणे किंवा एकाएकी आलेली ग्लानी, यांपैकी काहीही दिसल्यास ती वही घेऊन विनाविलंब डॉक्टरांना गाठावे. ज्या हातांनी आपल्याला घास भरवले, त्या हातांची बांगडी कोपराकडे सरकू लागली आहे काय, हे पाहावयास फार विद्वत्ता लागत नाही; रोज पाहण्याची सवय तेवढी लागते.