मूळपुरुषशोध

स्थलांतर करून नव्या प्रदेशात वसलेल्या कुटुंबाच्या पहिल्या ज्ञात पूर्वजास त्या कुळाचा मूळपुरुष म्हणतात. विद्यमान पिढीपासून त्याच्यापर्यंतची वंशपरंपरा पुराव्यानिशी निश्चित करण्याच्या पद्धतीस मूळपुरुषशोध म्हणता येईल. वंशावळ हे या शोधाचे फलित होय. वंशावळ केवळ स्मृतीवरून किंवा कुलाभिमानापोटीही लिहिली जाते. मूळपुरुषशोधात मात्र प्रत्येक पिढीचा मागील पिढीशी असलेला संबंध स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. यूरोप-अमेरिकेत हा बहुधा हौशी अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत, विशेषतः धानोरा तालुक्यासारख्या सीमावर्ती भागात, तो जमातीचे प्रमाणपत्र व वनजमिनीवरील हक्क यांच्याशी निगडित असल्यामुळे त्याला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

तत्त्व : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे, हे या शोधाचे मूलभूत तत्त्व होय. शोधकाने स्वतःपासून आरंभ करून पिता, पितामह, प्रपितामह अशा क्रमाने मागे जावे. एखाद्या जुन्या कागदात आपल्या आडनावाचा पुरुष आढळला म्हणून त्याच्यापासून खाली वंश जुळवीत येणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक होय. कागदातील व्यक्ती व कुटुंबाच्या आठवणीतील व्यक्ती एकच आहे असे म्हणण्यासाठी नाव, स्थळ व काळ या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. केवळ नामसादृश्य पुरेसे नसते. दोन पिढ्यांत सामान्यतः पंचवीस ते तीस वर्षांचे अंतर धरतात. या हिशेबात न बसणारी वंशावळ बहुधा एखादी पिढी गळाल्याचे किंवा दोन व्यक्तींची एक झाल्याचे दर्शविते. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे असा गोंधळ महाराष्ट्रात वारंवार होतो.

इंग्लंड-अमेरिकेतील उदाहरण : या पद्धतीचा विकास प्रामुख्याने अमेरिकेत वसलेल्या इंग्रज कुटुंबांच्या अभ्यासातून झाला. १६०७ मध्ये जेम्सटाउन आणि १६२० मध्ये प्लिमथ येथे इंग्रजांच्या वसाहती स्थापन झाल्या. १६२० ते १६४० या काळात सु. वीस हजार लोक न्यू इंग्लंडमध्ये गेले. त्यांच्या मूळ गावाचा शोध इंग्लंडमधील चर्चच्या नोंदवह्यांत घेतला जातो. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश तेथे १५३८ मध्ये निघाला होता. तथापि सतराव्या शतकाच्या मध्यातील यादवी युद्धाच्या काळात या नोंदींत अनेक ठिकाणी खंड पडला. अमेरिकेत उतरणाऱ्या उतारूंच्या याद्या नियमितपणे १८२० पासूनच मिळतात. त्यापूर्वीच्या काळासाठी जमिनीची दानपत्रे, मृत्युपत्रे व न्यायालयीन कागद यांवर भिस्त ठेवावी लागते. व्हर्जिनियात १६१८ पासून वसाहतीत आणलेल्या प्रत्येक माणसामागे पन्नास एकर जमीन देण्याची पद्धत होती. त्यामुळे दानपत्रांतून सामान्य नोकरांचीही नावे आली. परंतु दानपत्राची तारीख ही त्या व्यक्तीच्या आगमनाची तारीख नव्हे. तसेच १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्षारंभ २५ मार्चला होत असल्याने, फेब्रुवारी १६४० अशी नोंद आजच्या गणनेने १६४१ मधील ठरते. वंशावळींच्या वाढत्या मागणीतून बनावट वंशावळीही निर्माण झाल्या. गुस्ताव्ह आंझू (१८६३–१९४२) याने धनिक ग्राहकांसाठी रचलेल्या अनेक वंशावळी पुढे खोट्या ठरल्या. कागद अस्सल असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो आणि छापील वंशावळही असत्य असू शकते, हे दोन धडे या अनुभवातून मिळतात.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रात वंशपरंपरेच्या नोंदी मुख्यतः वतन, इनाम व धर्मकृत्ये यांच्या अनुषंगाने राहिल्या. वतनाच्या तंट्यांतील महजर व कैफियती यांत वादी-प्रतिवादी आपापली वंशावळ देत. त्र्यंबकेश्वर, नासिक, काशी, गया इ. ठिकाणच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव व पूर्वजांसह आढळतात. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक यांत हेळवी लोक आपल्या आश्रयदात्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळीत व गावोगाव फिरून त्या म्हणून दाखवीत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी अशा साधनांच्या आधारे कुलवृत्तांत प्रसिद्ध केले. स्थलांतरित मराठी घराण्याच्या वंशवृत्ताचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख. व्यंकोजीने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला राज्य स्थापिले. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा लेख मात्र दुसऱ्या सरफोजीच्या काळात, १८०३ मध्ये कोरला गेला. मूळपुरुष व त्याचे वृत्त यांत असे दीर्घ अंतर असल्यास वृत्ताचा आरंभीचा भाग समकालीन पुरावा म्हणून घेता येत नाही.

पूर्व विदर्भातील पार्श्वभूमी : वर उल्लेखिलेली साधने वतनदार व लेखनपरंपरा असलेल्या कुटुंबांपुरती मर्यादित आहेत. वनप्रदेशातील कुटुंबांस ती क्वचितच उपयोगी पडतात. चांदा येथील गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. नागपूरचे राज्य १८५३ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. भोसलेकालीन कागद मोडी लिपीत असून ते प्रायः वसुलीशी संबंधित आहेत. चांदा जिल्ह्याची पहिली सविस्तर जमाबंदी मेजर लूसी स्मिथ याने केली व तिचा अहवाल १८६९ मध्ये सादर झाला. सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने कागदाचे युग येथून सुरू होते. धानोरा परिसर जमीनदारी मुलखात मोडत असल्याने तेथील नोंदी खालसा गावांपेक्षा अधिक त्रोटक आहेत.

या भागात गोंड व माडिया यांच्याबरोबरच छत्तीसगढकडून आलेले हलबा व कंवर आणि वैनगंगेच्या खोऱ्यातून आलेली मराठी भाषक शेतकरी व कारागीर कुटुंबेही वसली आहेत. फिरत्या शेतीमुळे वस्त्या हलत. काही गावे उठून त्यांची रिठी झाली आणि त्याच नावाची गावे अन्यत्र वसली. त्यामुळे पूर्वजाचे गाव आजच्या नकाशावर असेलच असे नाही.

प्रशासकीय सीमाही वारंवार बदलल्या. गडचिरोली तहसील १९०५ मध्ये निर्माण झाली. अंबागड चौकी, पानाबरस इ. जमीनदाऱ्या विसाव्या शतकाच्या आरंभी चांदा जिल्ह्यातून काढून द्रुग जिल्ह्यास जोडण्यात आल्या. जमीनदारी व मालगुजारी पद्धती १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. हा प्रदेश १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे कागद अशा प्रकारे गडचिरोली, चंद्रपूर व छत्तीसगढमधील कार्यालये यांत विखुरलेले असू शकतात. म्हणून नोंद झाली त्या वर्षी गाव कोणत्या तहसिलीत व जिल्ह्यात होते, हे प्रथम ठरवावे लागते.

अभिलेख : या प्रदेशातील उपयुक्त अभिलेखांत बंदोबस्ताची मिसल, अधिकार अभिलेख, निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांचा समावेश होतो. पहिल्या दोहोंत जमीनधारकाचे व त्याच्या पित्याचे नाव सापडते. शेवटच्या दोहोंत गावाचे सामूहिक हक्क व रूढी नमूद असतात. जन्ममृत्यूच्या नोंदी गावचा कोतवाल ठेवी. कोतवाल पंजीत पित्याचे नाव व जात आढळते. मात्र अनेकदा बालकाचे नाव नसून केवळ मुलगा वा मुलगी झाल्याचा उल्लेख असतो. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकातून नाव, जन्मतारीख व जमात एकत्र मिळतात. परंतु दुर्गम गावांत शाळा उशिरा निघाल्याने ते साधन एकदोन पिढ्यांपलीकडे जात नाही. अमेरिकेत जनगणनेच्या कुटुंबवार याद्या बहात्तर वर्षांनी अभ्यासकांस खुल्या होतात. १९५० च्या याद्या २०२२ मध्ये खुल्या झाल्या. भारतात जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होतात, पण कुटुंबवार याद्या वंशशोधासाठी उपलब्ध नसतात.

नोंद करणारा बहुधा मराठी वा हिंदी भाषक व सांगणारा गोंडी भाषक असल्यामुळे नावांची रूपे बदलली. एकाच कुटुंबाची जमात एका कागदात गोंड, दुसऱ्यात माडिया आणि तिसऱ्यात राजगोंड अशी आढळू शकते. आत्राम, मडावी, उसेंडी, पोटावी यांसारखी नावे मुळात कुळांची असून एकेका कुळाचा विस्तार अनेक तालुक्यांत आहे. समान आडनावावरून कुळ समजते, कुटुंब समजत नाही.

मौखिक परंपरा : लिखित साधनांची उणीव मौखिक परंपरा काही अंशी भरून काढते. गोंडांची कुळे चार, पाच, सहा व सात देव मानणाऱ्या गटांत विभागलेली असून एका गटात परस्परांत विवाह होत नाहीत. त्यामुळे विवाह ठरविताना कुळाची व नात्यांची उजळणी आपोआप होते. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट असून कुळांच्या उत्पत्तिकथा ते कीकरी या तंतुवाद्यावर गातात. कुळाच्या देवाचे स्थान, पूर्वजांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा व दफनभूमी यांवरूनही कुटुंबाचे मूळ गाव कळू शकते. मौखिक वृत्तात तीन-चार पिढ्यांची नावे बहुधा विश्वसनीय असतात. त्यापलीकडे मधल्या पिढ्या गळून वृत्त एकदम आद्यपुरुषाकडे जाते. म्हणून निरनिराळ्या गावांतील वृद्धांकडून स्वतंत्रपणे माहिती घेऊन ती ताडून पाहणे आवश्यक ठरते.

कायदेशीर महत्त्व : अनुसूचित जमातीच्या दाव्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० या अधिसूचनेच्या तारखेपूर्वीच्या कागदांना विशेष महत्त्व आहे. तो कागद प्रायः आजोबा वा पणजोबांच्या नावाचा असल्याने अर्जदाराचा त्यांच्याशी असलेला संबंध वंशावळीने दाखवावा लागतो. चालीरीती व देवदैवते यांवरून केली जाणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे जुन्या अभिलेखांचे महत्त्व अधिक अधोरेखित झाले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातींखेरीज अन्य पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य व वनावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. हा काळ १९३० पर्यंत मागे जातो. या कायद्याखालील २००८ च्या नियमांत बंदोबस्ताचे अहवाल, जुन्या विहिरी, दफनभूमी व देवस्थाने, पूर्वीच्या अभिलेखातील व्यक्तीपर्यंत पोचणारी वंशावळ आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचा लेखी जबाब ही सर्व पुराव्याची साधने मानली असून, निर्णयासाठी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे म्हटले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. सामूहिक दाव्यात एका कुटुंबाच्या वंशावळीऐवजी गावाची पारंपरिक हद्द व वापर सिद्ध करावा लागतो. परंतु वृद्धांची स्मृती व जुने अभिलेख यांची सांगड घालण्याची पद्धत तीच राहते.

मर्यादा : आनुवंशिक चाचणीने दोन व्यक्तींचे पितृवंशीय नाते तपासता येते, मात्र पूर्वजाचे नाव, गाव अथवा त्याची कागदोपत्री जमात तीवरून समजत नाही. पितृवंशावर आधारलेल्या अभिलेखांत स्त्रियांची नावे बहुधा नसल्यामुळे मातृपक्षाचा शोध अधिक कठीण असतो. ज्या पिढीचा पुरावा मिळत नाही, ती जागा अनुमानाने न भरता रिकामी ठेवणे हेच शास्त्रीय होय. हौशी वंशावळीत चुकीचा दुवा घातल्यास केवळ इतिहास बिघडतो. दाव्यासोबत जोडलेल्या वंशावळीत तो घातल्यास उरलेल्या खऱ्या पुराव्याचीही विश्वसनीयता जाते आणि त्याची किंमत पुढील पिढीला मोजावी लागते. कोतवाल पंज्या व मिसली जीर्ण होत आहेत आणि मौखिक वृत्त सांगणारी पिढीही वृद्ध होत आहे. म्हणून या दोन्ही साधनांचे वेळीच जतन व लेखन होणे निकडीचे आहे.