अल्बम, एआय आणि अंतरपाट

बेटेगावातल्या एका लग्नाचे चार हजार फोटो. पूर्वी निवडायलाच दोन रात्री जायच्या. आता आफ्टरशूटसारखं एआय सॉफ्टवेअर हललेले, डोळे मिटलेले, एकसारखे फोटो आपणहून बाजूला काढतं.

गंमत बघा! अंतरपाटामागे नवरी डोळे मिटून उभी, केसांत अक्षता अडकलेल्या, आणि हा पठ्ठ्या नेमका तोच फोटो बाद करतो. म्हणून मंगलाष्टकांचं फोल्डर मी स्वतःच बघतो. ऑटो कलरने तर हळदसुद्धा फिकी पडते.

मांडवातल्या अंधारातले दाणेदार फोटो मात्र लाइटरूमचं एआय डीनॉइज (२०२३ पासून) झकास साफ करतं. फक्त त्यासाठी फोटो रॉ फॉरमॅटमध्ये हवेत.

आणि मंडळी, अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीटला ३०० डीपीआयवर ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल लागतात. मामांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तिथे पानभर लावायला सांगू नका!