प्रौढपणीं कथाचित्रांचा व्यवसाय



गेल्या ज्येष्ठांत एके सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. वय त्रेचाळीस, तालुक्याच्या गांवीं एका कचेरींत कारकून, घरीं पत्नी, वृद्ध आई आणि शाळेंत जाणारी मुलगी, डोक्यावर घराचें कर्ज. चहा झाल्यावर त्यानें पिशवींतून दोन वह्या काढल्या आणि संकोचानें माझ्यापुढें ठेविल्या. दोन्ही वह्या चित्रांनीं भरल्या होत्या. "गुरुजी," तो म्हणाला, "पुस्तकांना आणि मासिकांना चित्रें काढून देण्याचा धंदा मला ह्या वयांत शिकतां येईल का? नोकरी सोडूं का?"

ह्या प्रश्नानें मी चपापलों, त्याला कारण होतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं हाच मुलगा गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर बैल काढीत बसला होता, आणि तें पान मीं सर्व वर्गादेखत फाडलें होतें. त्यानें त्या प्रसंगाचा उच्चार केला नाहीं. परंतु मला तो आठवल्यावांचून राहिला नाहीं. एकदां घाईनें निकाल देऊन चुकलों होतों. दुसऱ्यांदा तसें करावयाचें नव्हतें. म्हणून मीं त्याच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली, ग्रंथालयांत बसलों, एकदोन चित्रकारांना व एका मुद्रकाला भेटलों. त्यांतून जें हातीं लागलें तेंच आज आपणांपुढें ठेवितों. कारण हा प्रश्न मनांत बाळगून असलेले स्त्रीपुरुष त्याच्यासारखे आणखीही असतील.

प्रथम ह्या धंद्याचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. स्वतंत्र चित्रकार आपला विषय आपण निवडतो. कथाचित्रकाराला विषय लेखक देतो, जागा संपादक नेमून देतो आणि तारीख छापखाना ठरवितो. ह्या तीन बंधनांत राहून त्याला चित्र सजीव करावयाचें असतें. लेखकानें लिहिलें तेंच पुन्हां रेघांनीं लिहिणें, हें कथाचित्र नव्हे. मुलगी सासरीं निघाल्याच्या प्रसंगांत लेखकानें आईचे अश्रु वर्णिले असतील, तर चित्रकारानें तेच काढण्याऐवजीं उंबऱ्याशीं ठेवलेलें गांठोडें आणि त्याकडे पाठ करून उभा असलेला बाप काढावा. शब्दांनीं जें सांगितलें नाहीं तें चित्रानें सांगावें, परंतु शब्दांच्या विरुद्ध जाऊं नये. शिवाय तिसऱ्या पानावर दिसलेली मुलगी तिसाव्या पानावर पाठमोरी असली तरी वाचकाला ओळखूं आली पाहिजे. हें सर्व साधण्यास आधीं गोष्ट वाचतां आली पाहिजे, आणि तेथें वयाची अडचण नसून उलट मदतच होते. निरोप देणारा बाप कसा उभा राहतो, हें विशींतल्या मुलापेक्षां त्रेचाळिसाव्या वर्षाच्या बापाला अधिक ठाऊक असतें.

ह्या कलेला आपल्या भाषेंत चांगली परंपरा आहे. 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक १९०९ सालीं निघाला आणि पुढें दिवाळी अंकांची प्रथाच पडली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर ह्यांचीं चित्रें ह्या अंकांनींच घरोघरीं पोंचविलीं. दलालांनीं तर १९४५ सालीं स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. वाचकांच्या कित्येक पिढ्यांना चित्र पाहण्याची गोडी प्रदर्शनांनीं नव्हे, तर ह्या पानांनीं लाविली.

आतां, उशिरा आरंभ करून यश मिळविलेल्यांचीं उदाहरणें नेहमीं दिलीं जातात. तीं खरीं आहेत. परंतु तीं नीट वाचावीं लागतात.

इंग्लंडांतील बीॲट्रिक्स पॉटर ह्या बाईंचें उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६६ चा. १८९३ सालीं एका आजारी लहान मुलाला पत्र लिहितांना त्यांनीं एका खोडकर सशाची गोष्ट चित्रांसह लिहून पाठविली. पुढें तिचें पुस्तक करावें असें त्यांच्या मनांत आलें. पण अनेक प्रकाशकांनीं तें परत केलें. तेव्हां १९०१ च्या डिसेंबरांत त्यांनीं स्वतःच्या खर्चानें २५० प्रति छापून घेतल्या. फ्रेडरिक वॉर्न ह्या प्रकाशनसंस्थेनें पुस्तक घेतांना चित्रें रंगीत असावींत अशी अट घातली. बाईंनीं ती मान्य करून चित्रें पुन्हां काढलीं, आणि १९०२ सालीं 'पीटर रॅबिट' बाजारांत आलें. त्या वेळीं त्यांचें वय छत्तीस होतें. ही झाली प्रसिद्ध गोष्ट. परंतु ती वाचतांना हें विसरूं नये कीं, लहानपणापासून त्या सशांचीं, उंदरांचीं, वनस्पतींचीं चित्रें काढीत होत्या. अळंब्यांचीं सूक्ष्म चित्रें काढण्यांत त्यांनीं वर्षेंच्या वर्षें घालविलीं होतीं. धंदा उशिरा सुरू झाला. हात उशिरा सुरू झाला नव्हता.

दुसरें उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉगचें. चित्रविक्रीच्या पेढींत नोकरी, शिक्षकी, पुस्तकांचें दुकान, धर्मोपदेश असे मार्ग चोखाळून झाल्यावर १८८० सालीं, सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें चित्रकार होण्याचा निश्चय केला. आरंभीं त्याची इच्छा चित्रमय नियतकालिकांसाठीं काम करण्याची होती. लंडनच्या 'ग्राफिक' साप्ताहिकांतील चित्रें तो जमवून ठेवी. शार्ल बार्ग ह्यांच्या चित्रपाठांतील आकृत्या त्यानें लहान मुलासारख्या पुन्हां पुन्हां गिरविल्या. बत्तिसाव्या वर्षीं अँटवर्पच्या कलाशाळेंत आपल्याहून लहान मुलांबरोबर बसण्यासही तो लाजला नाहीं. हा नम्रपणा अनुकरणीय आहे. परंतु नियतकालिकांचें काम त्याला मिळालें नाहीं, आणि त्याचा उदरनिर्वाह थिओ ह्या धाकट्या भावाच्या पैशांवर चालला. म्हणून हें उदाहरण देणाऱ्याला मी विचारतों, "तुझा थिओ कोण? तुझी पत्नी? तुझी मुलगी?"

तिसरे आपले रवींद्रनाथ ठाकूर. चित्रांकडे ते साठी उलटल्यावर वळले. हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळींना आकार देतां देतां चित्रें निर्माण झालीं. १९३० सालीं पॅरिसला त्यांचें प्रदर्शन भरलें. आणि १९३७ सालीं 'खापछाडा' व 'से' हीं स्वतःचीं पुस्तकें त्यांनीं स्वतःच्या चित्रांनीं सजविलीं. ह्यावरून वय हा अडसर नव्हे, हें सिद्ध होतें. मात्र रवींद्रनाथांना चित्रांवर पोट भरावयाचें नव्हतें, आणि कोणा संपादकाच्या तारखेची वाट पाहावयाची नव्हती.

ह्या तिघांवरून मला एवढेंच दिसतें कीं, वयाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. भीति बाळगावयाची ती दोन गोष्टींची. एक, हात कच्चा असतांना आपण पक्के झालों असें वाटण्याची. आणि दुसरी, घरच्या माणसांना न विचारतां त्यांचें स्वास्थ्य पणाला लावण्याची.

हात कसा तयार करावा? शाळेंतील चित्रकलेच्या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिति आणि अक्षरलेखन असे विषय असत. प्रौढ माणसाला ते बालिश वाटतात. वास्तविक कथाचित्राचा सगळा पाया त्यांतच आहे. घागर आणि खुर्ची समोर ठेवून नीट काढतां येत नसेल, तर कथेंतील माजघर काढतां येणार नाहीं. त्यांतही स्मरणचित्र सर्वांत महत्त्वाचें, कारण कथेंतील प्रसंग कधींच समोर मांडून मिळत नाहीं. बसस्थानकावर पांच मिनिटें एका माणसाकडे पाहावें, घरीं येऊन त्याला आठवून काढावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जाऊन आपण काय चुकलों तें तपासावें. रोज एक तास, न चुकतां, दोन वर्षें, हा माझा हिशेब आहे. रविवारीं आठ तास बसून सहा दिवस कागदाला हात न लावणें ह्यापेक्षां हें अधिक फलदायी होतें. अक्षर गिरविणाऱ्या हजारों मुलांवर मीं हा अनुभव घेतला आहे.

संस्थेंत जाऊन शिकावें का? मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली. तेथें १९३५ सालीं व्यावसायिक कलेचा वेगळा विभाग निघाला आणि १९६१ सालीं त्याची स्वतंत्र संस्था झाली. अशा ठिकाणीं शिकणें उत्तमच. परंतु पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम ज्याला झेपत नाहीं, त्यानें आपल्या गांवांतील एखाद्या निवृत्त चित्रकलाशिक्षकाचा रविवारचा वर्ग धरावा. महत्त्व पदवीपेक्षां चूक दाखविणाऱ्या डोळ्याला आहे. संपादक प्रमाणपत्र पाहत नाहीं. तो चित्र पाहतो.

नोकरीविषयीं माझें मत स्पष्ट आहे. वसंत सरवटे हे पेशानें स्थापत्य अभियंते. नोकरी सांभाळून त्यांनीं कथाचित्रें आणि व्यंगचित्रें काढलीं, आणि मराठी पुस्तकांच्या जगांत स्वतःची रेषा निर्माण केली. नोकरी ही कलेची वैरीण आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ती चित्रकाराला नको तें काम नाकारण्याचें बळ देते. चित्रांचें उत्पन्न सलग दोन वर्षें घरखर्चाच्या निम्म्याला पोंचेपर्यंत राजीनाम्याचा विचार करूं नये.

हात बसला कीं नमुन्यांचा संग्रह तयार करावा. चाळीस बऱ्यावाईट चित्रांपेक्षां निवडक बारा पुरेत. त्यांत एकाच कथेचीं चार-पांच चित्रें असावींत, म्हणजे तींच पात्रें आपण पुन्हां काढूं शकतों हें दिसेल; एखादें मुखपृष्ठ असावें, त्यांत नांवासाठीं जागा सोडलेली असावी; कांहीं चित्रें केवळ काळ्या रेषेंत असावींत. संग्रह पाठविण्यापूर्वीं त्या मासिकाचे मागील कांहीं अंक वाचावे. दिवाळी अंकांचीं कामें पावसाळ्यांतच वांटलीं जातात. आश्विनांत विचारणाऱ्यास पुढील वर्षाची वाट पाहावी लागते.

छपाईचेंही ज्ञान हवें. पान कापतांना कड जाते, म्हणून चित्र कडेपर्यंत न्यावयाचें असल्यास चोहोंकडे तीन मिलिमीटर अधिक रंगवावें. संगणकावर चित्र घेतांना छापावयाच्या आकारांत एका इंचाला ३०० ठिपके ठेवावे. पडद्यावर झळकणारा हिरवा व निळा रंग कागदावर मंद उतरतो, हें आधींच ध्यानांत घ्यावें.

आणि करार लेखी करावा. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, १९५७ च्या कायद्यान्वयें काम सांगणाऱ्याकडे जातो. मूळ चित्र कोणाकडे राहील, तें किती वेळां छापतां येईल, दुरुस्त्या किती कराव्या लागतील आणि पैसे केव्हां मिळतील, ह्या चार गोष्टी आधीं लिहून घेणें म्हणजे अविश्वास नव्हे. प्रौढ माणसाला व्यवहार कळतो. तो येथें वापरावा.

एक अडचण लपविणें योग्य नव्हे. आज चार शब्द लिहून दिले कीं संगणक क्षणांत चित्र तयार करून देतो, आणि केवळ जागा भरण्यापुरतें चित्र हवें असणारा त्यावरच भागवूं शकतो. म्हणून जें चित्र कोठलेंही असूं शकतें, तें काढण्यांत ह्यापुढें भाकरी कमी. परंतु आपल्या गांवचा बैल, त्याच्या मानेवरचें जूं, आजीच्या लुगड्याचा काष्टा, पाटीवर थुंकी लावून पुसणारें पोर, हें ज्यानें पाहिलें आहे, त्याच्या चित्राला एक खरेपणा असतो. प्रौढ विद्यार्थ्याचें भांडवल तेंच आहे.

पंधरा दिवसांनीं तो आला, तेव्हां मीं त्याला हें सर्व सांगितलें. त्याआधीं मात्र त्या फाडलेल्या पानाची गोष्ट मीच काढली आणि माझी चूक कबूल केली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "गुरुजी, त्या बैलाचे मागचे पाय चुकलेच होते." पाय चुकले होते हें खरें. तें सांगावयाचें सोडून मीं पान फाडलें. शिक्षक म्हणून माझ्या हातून राहिलें तें हेंच.

नोकरी त्यानें सोडलेली नाहीं. पहांटे एक तास तो बसतो. पत्नीनें त्यासाठीं खिडकीजवळची जागा मोकळी करून दिली आहे. रविवारीं तो एका जुन्या चित्रकलाशिक्षकाकडे जातो. गेल्या महिन्यांत मुलांच्या एका लहानशा मासिकानें त्याचीं दोन चित्रें घेतलीं. मिळालेल्या पैशांत एसटीचें जाण्यायेण्याचें भाडें आणि रंगाच्या दोन बाटल्या झाल्या. हा धंदा झाला असें मी म्हणणार नाहीं; आरंभ झाला, असें म्हणेन.

आपल्यापैकीं कोणाच्या कपाटांत अशी वही असेल, तर तिनें आज रात्रीं बाहेर यावें, आणि प्रथम घरच्या माणसांनीं ती पाहावी. राजीनामा लिहिण्याची घाई नको. पेन्सिलीला टोंक करण्याची मात्र घाई करावी. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.