कामाच्या रगाड्यात विसावा

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे गाव. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके गावाचा दिवस भोंग्याबरोबर उगवला व भोंग्याबरोबर मावळला. त्या गिरण्या आता बंद पडल्या; धावपळ मात्र राहिली. यंत्रमागावर चादरी विणणारा कामगार, विड्या वळणारी बाई, दुकानदार, वकील, शिक्षक, सर्वांची तक्रार एकच की क्षणाची फुरसत नाही. आणि नवल असे की, फुरसत मिळाली तरी विसावा मिळत नाही. सुट्टीच्या दिवशी अंग अंथरुणावर पडते, पण मन देण्याघेण्याचा नि उद्याच्या कामाचा हिशेब मांडीत बसते.

तेव्हा आराम आणि विसावा यांतील भेद आधी समजून घेतला पाहिजे. शरीर कामाने थकते, ते झोपेने ताजे होते. मन थकते ते 'सारे माझ्याच खांद्यावर आहे, मी हात काढला की सगळे कोसळेल' या भावनेने. हे ओझे झोपेने उतरत नाही. ते कोणावर तरी विश्वासाने सोपवावे लागते. ईश्वरावर भार टाकणे म्हणतात ते हेच.

भार टाकायचा म्हणजे कामधंदा सोडायचा काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या ग्रामदैवताच्या चरित्रातच आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गुरे राखणाऱ्या या मुलाला मल्लय्या भेटला, मुलगा त्याच्यासाठी घरून दहीभात घेऊन आला, तोवर पाहुणा दिसेनासा झाला. त्याच्या शोधात मुलगा थेट श्रीशैलपर्यंत गेला. तेथे देव भेटला; पण त्याने मुलाला जवळ ठेवून घेतले नाही, गावी जाऊन लोकांची सेवा कर म्हणून परत पाठविले. सिद्धरामांनी अडुसष्ट लिंगे स्थापिली, लोकांना पाणी मिळावे म्हणून तलाव खणविला.

पण कथा येथे संपत नाही. 'शून्यसंपादने' या पंधराव्या शतकातील कन्नड ग्रंथात पुढचा प्रसंग येतो. तलावाचे काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांच्या वर्मावरच बोट ठेवले. एवढे खणलेस, एवढे बांधलेस, पण करणारा कोण हे ओळखलेस काय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. पुढे सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले, बसवेश्वरादी शरणांच्या मेळाव्यात बसले. प्रभूंचा आक्षेप परोपकारावर नव्हता, 'मी केले' या अभिमानावर होता, असे आम्हांला वाटते. शरणांनी तर कामालाच कायक म्हणून पूजेचा मान दिला. सोडायचे ते काम नव्हे, कामावरची मालकी.

माढा तालुक्यातील अरणच्या सावता महाराजांनी हेच मळ्यात राहून साधले. भाजीपाला पिकवता पिकवता त्यांना विठ्ठल तेथेच सापडला. ते पंढरीला गेले नाहीत, म्हणून आजही आषाढ वद्यात पंढरीची पालखी अरणला येते. माळी मशागत करतो, पाणी देतो. अंकुर मात्र त्याच्या हुकमाने फुटत नाही. रोज हे पाहणाऱ्याला आपला वाटा किती आणि देवाचा किती हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कोणी म्हणेल, ज्याच्या उद्याच्या चुलीची शाश्वती नाही त्याला विश्वासाचा उपदेश कसला करता? आक्षेप खरा आहे. श्रद्धा ही मजुरीच्या बदल्यात द्यायची वस्तू नव्हे. रास्त मजुरीसाठी झगडलेच पाहिजे. शिवाय श्रद्धा म्हणजे विमाही नव्हे. मंगळवेढ्याचे चोखोबा 1338 साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांच्याहून मोठा विश्वास कोणाचा? तरीही भिंत पडलीच. ज्या गावकुसात त्यांना मानाने राहता येत नव्हते, त्याच कुसाखाली ते गेले. तो अन्याय माणसांचा होता. तो देवाच्या इच्छेवर ढकलणे हे पाप होय. पण आयुष्यभर अपमान सोसूनही त्यांचे अंतःकरण कडवटपणाने जळून गेले नाही. त्यांनी देवाशी भांडण केले, जाब विचारला, पण त्याचा हात सोडला नाही. विश्वास संकट टाळील असे वचन कोणी देऊ नये. संकटात माणूस एकाकी राहत नाही, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

मग आपण काय करावे? दिवसभराचे काम मन लावून करावे, त्यात कसूर ठेवू नये. रात्री दिवा मालवण्यापूर्वी दोन मिनिटे स्वस्थ बसून म्हणावे, 'माझ्या वाटणीचे झाले, उरलेले तुझे.' पहिल्या दिवशी हे शब्द पोकळ वाटतील, दहाव्या दिवशीही कदाचित वाटतील. मनाला गाठ सोडायची सवय लागायला वेळ लागतोच. सिद्धरामांनाही तलाव खणणे सोपे गेले, 'मी' खणून काढणे अवघड गेले. त्यांचा तलाव आजही गावाच्या मध्यभागी आहे, आणि त्याच पाण्याने वेढलेल्या देवळात त्यांची समाधी आहे. जेथे ते राबले, तेथेच विसावले.